पाच वायरी, एक खटका

माझ्या गिटारमध्ये दोन पिकअप आहेत: एक गळ्याजवळ (नेक), एक तारांच्या घोडीजवळ (ब्रिज). दोन्ही हंबकर, दोन्ही ठणठणीत. त्यांतला एक मला खटका ओढला की अर्धा बंद व्हायला हवा होता. घरी सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "बिघडलाय का?" नाही म्हटलं, तर दुसरा आला, "मग?"

त्या 'मग'चं उत्तर माझ्याजवळ उसनं होतं. गिटार शिकवणारे सर माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, पण शिकवतात म्हणून सर. मी जुन्या हिंदी गाण्यांच्या कॉर्ड वाजवत होते तेव्हा ते म्हणाले, "ताई, हात बरोबर पडतोय, पण आवाज जाड येतोय. सगळे सूर एकमेकांना चिकटलेत. नेकचा हंबकर स्प्लिट करून घ्या. टोनच्या जागी पुश-पुल पॉट टाकायचा, अर्ध्या तासाचं काम आहे." काम येणाऱ्या माणसाने सांगितलेल्या वेळेला ते न येणाऱ्याने कितीने गुणायचं, याचं एक कोष्टक कुणीतरी छापायला हवं.

मी सहकारी बँकेत हिशेब तपासते. विजेशी माझा संबंध फ्यूजची तार बदलण्यापुरता. दहावीच्या विज्ञानातलं 'एकसर जोडणी' आणि 'समांतर जोडणी' एवढंच डोक्यात उरलेलं. पुढे लक्षात आलं की या कामाला त्याहून फारसं लागतही नाही. फक्त त्या दोन जोडण्या खरोखर समजलेल्या असाव्या लागतात, आणि मला तशा त्या कधीच समजलेल्या नव्हत्या. पाठ होत्या.

तेव्हा सुरुवात पिकअपपासून. साधा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या वायरीचे हजारो वेढे, म्हणजेच कॉइल. ही वायर जेमतेम ०.०६ मिलिमीटर जाडीची, केसाइतकी. वरून पोलादी तार थरथरते, चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज उमटते. पुस्तकात याला विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात. गडबड अशी की कॉइलला तार कोणती आणि भिंतीतलं वायरिंग कोणतं हे कळत नाही. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, अमेरिकेत ६० वेळा, आणि तो हेलकावाही कॉइल इमानाने पकडते. ॲम्पमधून जी घूंऽऽ ऐकू येते ती ही. गिटारवाले तिला हम म्हणतात.

गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या तंत्रज्ञाने यावर जो तोडगा काढला त्याच्या पेटंटचा अर्ज जून १९५५ चा आहे. त्याने एकाऐवजी दोन कॉइल शेजारीशेजारी ठेवल्या, एकीची दिशा दुसरीच्या उलट आणि एकीच्या चुंबकाचं टोकही दुसरीच्या उलट. हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. दोन गोष्टी उलट्या का? एक उलटी करून भागत नाही का? अखेर वहीत जमा आणि नावे असे दोन रकाने आखले तेव्हा उलगडा झाला. भिंतीतून येणाऱ्या हमला चुंबकाशी देणंघेणं नाही, त्याला फक्त वेढ्याची दिशा कळते. म्हणून एका कॉइलमध्ये तो जमेला पडतो, दुसरीत नावे, आणि बेरीज शून्य. तारेचा सूर मात्र चुंबकावर अवलंबून. वेढा उलटा म्हणून तो एकदा उलटतो, चुंबक उलटं म्हणून पुन्हा उलटतो, आणि दोन्ही कॉइलमध्ये जमेलाच राहतो. हम गेला, सूर दुप्पट झाला. हाच हंबकर. इतका स्वच्छ ताळेबंद मी बँकेत फार वेळा पाहिलेला नाही.

लव्हरला पेटंट मिळालं जुलै १९५९ मध्ये. तोवर १९५७ पासून गिब्सनच्या लेस पॉल गिटारवर हे पिकअप बसू लागले होते, म्हणून त्यांच्या तळाला 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी चिठ्ठी असे. आज त्या चिठ्ठीचे पिकअप जुन्या गिटारच्या बाजारात सोन्याच्या भावाने विकले जातात. नंतरच्या चिठ्ठ्यांवर पेटंटचा क्रमांक छापला गेला, पण तो पिकअपचा नव्हेच, त्या गिटारला ज्यांचं नाव आहे त्या लेस पॉल यांच्या नावावरच्या, तारा अडकवायच्या भागाचा. हिशेबनिसाला अशी नोंद सापडली की दिवस चांगला जातो.

आता स्प्लिट म्हणजे काय, तर या दोनपैकी एक कॉइल हिशेबातून काढून टाकायची. उरलेली एकटी कॉइल पातळ, मोकळ्या आवाजाची. पण तिच्यासोबत हमही परत येणार. लव्हरने मिटवलेलं मी पदरचे पैसे घालून परत आणणार होते. सरांना हे म्हटलं तर ते हसले आणि म्हणाले, "गिटारवादक जिमी पेजच्या नावाची गिब्सन बघा, तिच्यात चारच्या चार नॉब ओढायचे आहेत." मला एक पुरे होता.

मागचं झाकण उघडलं. आत बघून पहिला धक्का बसला तो वायरी फार असल्याचा नव्हे, कमी असल्याचा. मूळच्या दोन्ही पिकअपमधून एकेकच वायर बाहेर येत होती: मधोमध एक गाभा आणि त्याभोवती विणलेली जाळी. जुन्या गिब्सनवरही अशीच असे. दोन कॉइल आतल्या आत एकसर जोडलेल्या, त्यांचा मधला सांधा पिकअपच्या पोटात. बाहेर येतात ती फक्त दोन टोकं. स्प्लिटसाठी लागतो तो नेमका मधला सांधा, आणि त्याला हात लावायचा तर पिकअप उकलून केसाएवढ्या वायरीशी खेळायचं. ते मी करणार नव्हते. सरांच्या एका विद्यार्थ्याकडे चार वायरींचा जुना हंबकर पडून होता, तो घेतला.

त्याच्यावर कंपनीचं नाव नव्हतं. चिठ्ठी कधीच निघून गेलेली, तळाला गोंदाचा डाग फक्त. बाहेर येत होत्या लाल, पांढरी, हिरवी, काळी अशा चार वायरी आणि एक उघडी. चार वायरी म्हणजे दोन कॉइलची चार टोकं. उघडी ती पिकअपच्या धातूच्या तळाला जोडलेली, तिचं काम बाहेरची कुरकुर जमिनीत सोडण्याचं.

आपल्याकडच्या घरांच्या जुन्या वायरिंगचा रिवाज सगळ्यांना माहीत आहे: लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. मी तोच धरून चालले होते. मग कळलं की सीमोर डंकन कंपनीच्या पिकअपमध्ये काळी ही गरम वायर, म्हणजे आवाज बाहेर नेणारी. लाल आणि पांढरी एकमेकींना पिळून मधला सांधा करायचा. हिरवी जमिनीला. आणि डिमार्झिओच्या पिकअपमध्ये? तिथे लाल गरम, काळी आणि पांढरी मिळून मधला सांधा, हिरवी जमिनीला. म्हणजे एकाची गरम ती दुसऱ्याचा सांधा. रंग तेच चार, अर्थ वेगळे, आणि एकमत फक्त हिरवीवर आणि पांढरीवर. ही दोन नावं तर जगभर वापरातली. बाकीच्यांचे तक्ते आणखी निराळे. माझ्या हातात निनावी पिकअप, समोर दोन तक्ते, आणि दोन्ही तितकेच पटणारे.

पिकअप पिशवीत घालून पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्ली गाठली. तिथे ॲम्प आणि रेडिओ दुरुस्त करणारे एक काका बसतात. दुकान एवढंसं, पण भिंतभर डबे आणि प्रत्येक डब्यावर खडूने लिहिलेलं. गिटार त्यांनी कधी उघडली नव्हती. मी रंगांचं पुराण सुरू केल्यावर त्यांनी हात वर केला.

"ताई, रंग विसरा. मीटर लावा."

मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवून त्यांनी दोन-दोन वायरी धरायला सुरुवात केली. काही जोड्यांवर आकडाच येईना. लाल आणि काळीवर आला: ३.८. पांढरी आणि हिरवीवर पुन्हा ३.८. झालं, या दोन कॉइल. एकसर जोडल्या की ७.६, नेकच्या हंबकरला साजेसा आकडा. दोन मिनिटांत निम्मं रहस्य संपलं. डंकनच्या तक्त्यात काळी-पांढरी एका कॉइलची आणि लाल-हिरवी दुसरीची, म्हणजे तो तक्ता बाद. डिमार्झिओच्या तक्त्यात लाल-काळी आणि पांढरी-हिरवी. जमतंय. मी उठायला लागले.

"बसा," काका म्हणाले. "जोड्या कळल्या. दिशा कुठे कळली?"

इथे मी खरी गोंधळले, आणि कुणालाही गोंधळायला लावील अशीच ही जागा आहे. कॉइलला दोन टोकं. मधला सांधा करताना पहिलीचं कुठलं टोक दुसरीच्या कुठल्या टोकाला जोडायचं? सरळ जोडलं तर सूर जमा होतात, हम वजा होतो. एक कॉइल उलटी पडली तर बरोब्बर विरुद्ध: सूर एकमेकांना खातात आणि हम दुप्पट. आणि मीटर? मीटर दोन्ही वेळा ७.६च दाखवतो. त्याला रोध कळतो, दिशा नाही. नुसत्या मीटरवर विसंबून कुणी जोडणी केली तर आकडा बरोबर आणि आवाज भिकार, अशी ती स्थिती होते. बँकेत अशा खात्यांना आम्ही 'जुळलेलं' म्हणतो आणि त्यांचीच जास्त भीती बाळगतो.

काकांनी कपाटातून काट्याचा जुना मीटर काढला. तो लाल-काळीला लावला, लाल पिन लाल वायरीला. मग पोलादी स्क्रूड्रायव्हर त्या कॉइलच्या खांबांवर टेकवला आणि झटक्यात उचलला. काटा क्षणभर एका बाजूला हलला. स्क्रूड्रायव्हर म्हणजे इथे मोठी तार, असं त्यांनी सांगितलं. पोलाद चुंबकाजवळून हललं की वीज उमटते आणि काटा तिची दिशा दाखवतो. तेच दुसऱ्या कॉइलवर. ज्या वायरीला लाल पिन लावल्यावर काटा त्याच बाजूला हलला, ती त्या कॉइलची पुढची वायर, दुसरी मागची. पहिलीची मागची दुसरीच्या पुढचीला जोडायची. या परीक्षेत वेढा कुणीकडचा, चुंबक कुणीकडचं याची वेगळी चौकशी करावी लागत नाही, दोन्हींचा मिळून जो परिणाम तोच काटा दाखवतो. डिजिटल मीटरवरही आकडा क्षणभर वर किंवा खाली उडी मारतो, पण नजर हलली की निसटतो. काटा दिसतो.

माझ्या पिकअपमध्ये काळी आणि पांढरी मिळून सांधा निघाला. तक्ता खरा ठरला. पण आता मला तो तक्ता म्हणून माहीत नव्हता, पाहिलेला होता. काकांनी मग गंमत म्हणून मगरचिमटे लावून एक कॉइल उलटी जोडली आणि दुकानातल्या छोट्या ॲम्पवर ऐकवली. आवाज बारीक, नाकातून आल्यासारखा, आणि मागे दणदणीत घूंऽऽ. "हा आवाज लक्षात ठेवा," ते म्हणाले. मी गिटारमधला दुसरा, म्हणजे ब्रिजजवळचा पिकअपही त्यांच्याकडून असाच तपासून घेतला. दोन पिकअप एकमेकांच्या उलट दिशेला असले तर दोन्ही एकत्र वाजवताना तोच नाकातला आवाज येतो. आधी कळलं तर चार वायरींच्या पिकअपची गरम आणि जमीन अदलाबदल करून सुटतं. मात्र उघडी वायर तेव्हाही जमिनीलाच ठेवायची.

आता पुश-पुल पॉट. ही वस्तू पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला काहीच उमगत नाही. वर नेहमीचा गोल पॉट, म्हणजे नॉबखालचा फिरता रोध, त्याला तीन पाय. खाली चौकोनी डबी, तिला सहा पाय, तीन-तीनच्या दोन रांगांत. वरचा पॉट फिरतो, खालचा खटका ओढल्यावर सरकतो, आणि दोघांचा विजेच्या दृष्टीने एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. दांडा तेवढा सामाईक. हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझ्या बऱ्याच संध्याकाळी वाचल्या असत्या. वरचे तीन पाय टोनचं काम पूर्वीसारखंच करत राहतात, तिथे जुनाच कपॅसिटर लागतो. त्याच्यावर फक्त २२३ असं छापलेलं होतं. म्हणजे २२ आणि पुढे तीन शून्यं, इतके पिकोफॅरड, अर्थात ०.०२२ मायक्रोफॅरड.

खालच्या सहा पायांपैकी मला लागणार होते दोन. बाकीचे चार कशाला, हा प्रश्न मी काकांना इतक्यांदा विचारला की ते कंटाळले. उत्तर साधं आहे. प्रत्येक रांग हा स्वतंत्र खटका आहे. मधला पाय कधी वरच्याला जोडला जातो, कधी खालच्याला. दोन पिकअप स्प्लिट करायचे असते तर दुसरी रांग दुसऱ्यासाठी वापरता आली असती. माझ्या ब्रिजच्या पिकअपला मधला सांधा बाहेरच नाही, तेव्हा ती रांग मोकळी. ओढल्यावर मधला पाय कुठल्या टोकाला जोडला जातो हे अंदाजाने ठरवायचं नाही. मीटर शिट्टीवर ठेवून बघायचं.

जोडणी इतकीच: मधला सांधा, म्हणजे काळी-पांढरी, मधल्या पायाला. खटका ओढल्यावर ज्या पायाशी मधला जोडला जातो, तिथून एक वायर जमिनीला. संपलं. एवढ्याचसाठी सगळा खटाटोप.

पण त्या एका वायरीने मला सगळ्यात जास्त छळलं. जमिनीला टेकवलं की आवाज बंद होतो, हे मला माहीत होतं. व्हॉल्यूम शून्यावर नेतो तेव्हा तेच तर होतं. मग पिकअपचा मधोमधचा भाग जमिनीला टेकवला तर पूर्ण पिकअप मुका व्हायला हवा. अर्धाच का होतो? उत्तर कागदावर सरळ रेघ काढल्यावर दिसलं. वर गरम टोक, मग पहिली कॉइल, मग सांधा, मग दुसरी कॉइल, खाली जमीन. सांधा जमिनीला जोडला की दुसऱ्या कॉइलची दोन्ही टोकं जमिनीवर आली. ती बिचारी वीज करत राहते आणि तिथल्या तिथे जिरवते. पहिलीचं खालचं टोक जमिनीवर, वरचं टोक मात्र मोकळं आणि गरम. तिचा सूर बाहेर जायला कुणाची आडकाठी नाही. गरम टोकाला आपण हात लावलेलाच नाही. सांधा जमिनीऐवजी गरम वायरीला जोडला, तर उलटं होतं: पहिली मुकी, दुसरी बोलते. कुठली ठेवायची हे त्यामुळे आपल्या हातात राहतं. एकसर जोडणी मला समजली ती तेव्हा, शाळा सोडून तीसेक वर्षांनी.

पॉट गिटारच्या पोटात मावतो का हे आधी पट्टीने मोजावं. पुश-पुलची डबी खोल जाते आणि सडपातळ गिटारमध्ये मागचं झाकण बसत नाही. आकडा ५०० किलोओहमचा घ्यावा, हंबकरला तोच चालतो. एक कॉइल उरल्यावर आवाज त्याच्यामुळे थोडा जास्त चमकदार वाटतो हे खरं. नुसत्या सिंगल कॉइलच्या गिटारमध्ये २५० वापरतात. दांड्याचे दातेही बघावेत. इंची आणि मेट्रिक दांड्यांचे दाते वेगळे, जुना नॉब बसेलच असं नाही.

डाग द्यायचं काम मी स्वतः केलं, काकांनी आधी रद्दी पॉटवर सराव करून घेतल्यावर. साठ-चाळीसचं कथील, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं, मधोमध राळ भरलेली. साधारण १८३ अंशांना वितळू लागतं. शिसं आहे म्हणून काम झालं की हात धुवायचे, आणि धूर नाकासमोर येऊ द्यायचा नाही. खिडकी उघडी, पण पंखा बंद, नाहीतर सांधा तापत नाही. एप्रिलमधल्या पुण्यात पंखा बंद करून हे काम करणाऱ्याबद्दल मला आता आदर आहे. पायांना डाग देणं २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने सहज होतं. त्रास देते पॉटची पाठ, जिथे सगळ्या जमिनीच्या वायरी एकत्र करायच्या असतात. तो पत्रा उष्णता पिऊन टाकतो, कथील गोळा होऊन बसतं आणि सांधा धरल्यासारखा दिसतो पण धरत नाही. पाठ पॉलिश पेपरने घासायची, मोठं, ६० वॉटचं आयर्न घ्यायचं आणि झटकन उरकायचं. छोट्या आयर्नने रेंगाळलं तर उलट पॉट आतून भाजतो. जोडणीचे नकाशे काढणारे लोक पॉट पाठीमागून पाहून काढतात, हेही नवख्याला कुणी सांगत नाही. समोरून विचार केला की डावा पाय उजवा होतो.

झाकण लावण्याआधी गिटारला केबल लावली आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मीटर. ही तपासणी मला फार आवडली, कारण तिच्यात सगळी जोडणी एका आकड्यात कळते. व्हॉल्यूम पूर्ण, पिकअप निवडायचा खटका नेकवर: ७.५. मूळ ७.६, पण व्हॉल्यूमचा पॉट समांतर असल्याने किंचित कमी. नॉब ओढला: ३.८. मग नॉब आत ढकलून निवडीचा खटका मधोमध ठेवला, म्हणजे दोन्ही पिकअप एकत्र. आकडा आला ३.९! स्प्लिट नसताना स्प्लिटचाच आकडा? छातीत धस्स झालं. काकांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "ताई, समांतर जोडणी." खरंच की. नेकचे ७.६ आणि ब्रिजच्या पिकअपचे ८.२ समांतर केले की ३.९च्या आसपासच येतो. दहावीचं दुसरं वाक्यही अखेर कामाला आलं.

मग ॲम्प लावला. छोट्या स्क्रूड्रायव्हरने खांबांवर टकटक केली. नॉब ओढल्यावर एका कॉइलवर ठळक टक्, दुसरीवर जवळजवळ काही नाही. तारांना हात लावला की हम कमी होत होता, म्हणजे तारांची जमीनही शाबूत. तो वाढला असता तर गरम आणि जमीन कुठेतरी उलटी असती. एक गोष्ट इथे ठणकावून सांगते: गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. जुन्या इमारतीत तीन पिनांचं सॉकेट कधीकधी नुसतं शोभेला असतं, त्यामागे अर्थिंगची वायर नसते. ती आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून आधी बघून घ्या.

आवाज? पातळ, थोडा हळू, आणि कॉर्डमधले सूर सुटेसुटे. सर म्हणत होते ते बरोबर होतं. पण ज्यांना सिंगल कॉइलच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा आवाज फुकटात मिळेल असं वाटतं त्यांनी आशा धरू नये. स्ट्रॅटच्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली चुंबकाचीच कांडी असते आणि एका कॉइलवर वेढेही खूप, सर्वसाधारणपणे आठ हजारांच्या घरात. हंबकरच्या एका कॉइलवर पाच हजारांच्या आसपास, खांब साध्या पोलादाचे आणि चुंबक खाली आडवं. अर्धा हंबकर हा अर्धा हंबकरच असतो.

आणि हम परतला. आमच्या दिवाणखान्यात गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आहे. पंखा मधल्या वेगावर ठेवला की स्प्लिटमध्ये करकर सुरू होते, पूर्ण वेगावर कमी होते. नॉब आत ढकलला की दोन्ही गायब. खुर्ची भिंतीकडून खिडकीकडे वळवली तरी फरक पडतो.

यावर एक मधला मार्ग आहे आणि मी तोच ठेवला. पीआरएस कंपनीच्या काही गिटारमध्ये स्प्लिट करताना सांधा थेट जमिनीला न जोडता मध्ये एक रेझिस्टर घालतात. दुसरी कॉइल पूर्ण मुकी होत नाही, तिचा थोडा भाग मिसळत राहतो. आवाज भरीव होतो, हमही थोडा दबतो. मी २.२ किलोओहमचा घातला. त्यावर लाल, लाल, लाल, सोनेरी असे पट्टे असतात, आणि हे पट्टे जगात कुठेही, कुठल्याही कंपनीचे असले तरी त्यांचा अर्थ एकच. पिकअप बनवणाऱ्यांना हे का जमू नये, कळत नाही.

नेकवर हा खटका घालण्यासारखा आहे असं माझं मत. ब्रिजच्या पिकअपवर मी तो घालणार नाही. तिथला आवाज मुळातच टोकदार, अर्धा केल्यावर टोचेल. आणि एक विनंती. तुमच्याकडे चार वायरींचा जुना पिकअप विकायला किंवा द्यायला असेल, तर त्याच्या तळाला एक चिठ्ठी चिकटवा: कुठल्या दोन वायरी एका कॉइलच्या, गरम कुठली, सांधा कुठल्या दोघींचा. मी माझ्या गिटारच्या झाकणाच्या आतून तशी चिकटवली आहे. उद्या ही गिटार ज्याच्या हाती जाईल त्याला तपकीर गल्लीपर्यंत जावं लागणार नाही.